पहाटे जेवढं कापून होईल तेवढीच फुलशेती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधरा गुंठे मोकळी जमीन आहे, पाणी आहे, दोघंही नोकरी करता. विषारी फवारण्या न करता फुलदाणीत ठेवायची, लांब दांड्याची फुलं पिकवून विकायची आहेत. तर सगळ्या जमिनीत लावू का, कोणती फुलं घेऊ, शीतखोली घेऊ का, आणि हे टिकेल का?

सगळ्या जमिनीत लावू नका. तीन गुंठ्यांत लावा. उरलेल्या बारा गुंठ्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

तीन गुंठे म्हणजे ढोबळ ३०० चौरस मीटर. एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब वाफा, शेजारी अर्ध्या मीटरची वाट, असं आखलं तर त्यात वीस वाफे बसतात. २५ सेंटिमीटर अंतरानं चार ओळी धरल्या तर एका वाफ्यात १६० रोपं. झिनियासारखं फुटवे फोडणारं पीक ऐन बहरात रोपामागे आठवड्याला एक-दोन चांगले दांडे देतं, म्हणजे एका वाफ्याचे साधारण दोनशे. वीसपैकी सात वाफे एका वेळी फुलावर आले तर आठवड्याला १,४०० दांडे झाले. कापणं, खालची पानं ओरबाडणं, जुडी बांधून बादलीत ठेवणं हे सगळं धरून माझा वेग तासाला दीडशे दांड्यांच्या आसपास आहे, आणि चौदा वर्षांत तो फारसा वाढलेला नाही. म्हणजे नुसत्या काढणीलाच नऊ-साडेनऊ तास. तुम्ही दोघं आठवड्यातल्या तीन पहाटे दीड-दीड तास उतरलात तर बरोबर नऊ तास होतात. खुरपणी, पेरणी, विक्री, पोचवणं यातलं काहीच अजून धरलेलं नाही.

नवी माणसं हिशेब जमिनीपासून सुरू करतात. फुलशेतीचा हिशेब बादलीपासून उलटा करायचा असतो. धान्य दोन दिवस उशिरा कापलं तर चालतं, फूल वाट बघत नाही. ज्या सकाळी तुम्ही वाफ्यावर गेला नाहीत, त्या सकाळचं उत्पन्न गेलं. वर ते फूल झाडावरच राहिलं तर झाड बी धरायला लागतं आणि पुढच्या कळ्या कमी करतं. न कापलेलं फूल असं दोनदा नुकसान करतं.

मी हे ठेच लागून शिकले. पहिल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी हौसेनं हजार सूर्यफुलं टोकली. ती एकदांडी जात होती. एका रोपाला एकच फूल, कापलं की रोप संपलं. सगळी आठ दिवसांत फुलली. मला त्यातली तीनशे कशीबशी विकता आली, बाकीची पाखरांनी खाल्ली. तेव्हापासून सूर्यफूल दर आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं, एका वेळी अर्धा वाफा, त्याहून जास्त नाही. ही टप्प्याटप्प्याची पेरणी वहीत आधी लिहून काढा. पन्नास-साठ दिवसांत येणारं सूर्यफूल, साठ-सत्तर दिवसांत सुरू होऊन दीड-दोन महिने चालणारी झिनिया आणि वर्षातून एकदाच येणारी शेवंती या तिघींचं वेळापत्रक एका मापानं आखता येत नाही. सूर्यफुलाबद्दल आणखी एक: दाट लावलं, म्हणजे १५ सेंटिमीटरवर, तर फूल तळहाताएवढं राहतं आणि जुडीत बसतं. ३० सेंटिमीटरवर लावलं तर परातीएवढं होतं आणि कुणाच्याच फुलदाणीत मावत नाही. परागकण नसलेल्या जाती घ्या, टेबलावर पिवळी धूळ पडत नाही.

काय लावायचं याचं उत्तर प्रत्येकाच्या हवामानानुसार वेगळं असेल, पण प्रमाण सगळीकडे सारखंच राहतं. वीसपैकी निदान सहा वाफे फुलांना देऊच नका. त्यात पाला आणि भरीचं साहित्य लावा: तुळशीच्या कुळातल्या सुवासिक जाती, राजगिऱ्याचे तुरे, शेपू-बडीशेपेची छत्रीसारखी फुलं, शोभेची गवतं, आणि सुकवूनही टिकणारी स्टॅटिसची फुलं. बघणाऱ्याचं लक्ष मुख्य फुलाकडे जातं, पण जुडीचा निम्मा आकार पाल्याचा असतो. पहिल्या दोन वर्षांत माझ्याकडे रंगांची रेलचेल होती आणि हिरवं काहीच नव्हतं. जुडी बांधली की ती झाडूसारखी दिसायची. फुलांत सुरुवातीला झिनिया, सूर्यफूल, कॉसमॉस, अ‍ॅस्टर, ग्लॅडिओलस. डेलियाच्या मोहात पहिल्या वर्षी पडू नका. फूल देखणं असलं तरी फुलदाणीत चार-पाच दिवसच टिकतं, कंद महाग असतात, आणि कंदातून विषाणू एकदा शेतात शिरला की ते झाड उपटून टाकण्याशिवाय इलाज नाही.

शेवंती लावणार असाल तर जवळपास रात्रभर जळणारा दिवा नाही ना, ते बघा. झाडं फुलण्यासाठी दिवसाची लांबी मोजतात हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी १९२० साली दाखवून दिलं. शेवंती लहान दिवसाची, खरं तर लांब रात्रीची. आमच्या अंगणातल्या दिव्याच्या उजेडात येणाऱ्या चार फूट शेवंतीला कळीच धरली नाही, पलीकडची ओळ मात्र लगडली होती. मी महिनाभर खताला दोष देत होते.

आता माती. पहिल्या वर्षी खर्च करायचा असेल तर तो इथे करा. वाफे एकदाच खोल मोकळे करून घ्या, कायमचे आखा, आणि त्यानंतर त्यांवर पाय ठेवू नका. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दर हंगामाला दोन-तीन सेंटिमीटर थर वरून द्यायचं, उलथापालथ नको. खत जास्त झालं तरी फुलाचं वाटोळंच होतं. नत्र वाढलं की दांडा लांब, लुसलुशीत आणि पोकळ होतो, मावा धावून येतो, आणि फूल बादलीतच मान टाकतं. पालेभाजीला जे खत मानवतं ते फुलांना जड जातं.

बाहेरून शेणखत आणत असाल तर एक चाचणी चुकवू नका. गवताळ कुरणात रुंद पानांचं तण मारण्यासाठी वापरली जाणारी काही तणनाशकं जनावराच्या पोटातून, शेणातून, अगदी कंपोस्टमधूनही शाबूत बाहेर पडतात आणि कित्येक महिने मातीत राहतात. गवत त्यांना दाद देत नाही. आपली बहुतेक फुलझाडं रुंद पानांची, ती वाकडी होतात. म्हणून खत आणि माती मिसळून तीन-चार कुंड्या भरा, शेजारी नुसत्या मातीच्या तितक्याच ठेवा, सगळ्यांत घेवडा पेरा. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली नवी पानं पेल्यासारखी वळली, शेंडा नेच्यासारखा गुंडाळला, तर ते खत परत पाठवा. मी एकदा ही चाचणी आळसानं टाळली आणि झिनियाचे चार वाफे वर्षभर रिकामे ठेवावे लागले. खत देणाऱ्यालाही बिचाऱ्याला माहीत नव्हतं की चारा कुठल्या रानातून आला.

तणाचा बंदोबस्त लागवडीआधी करायचा. वाफा तयार करा, पाणी द्या, आणि दहा-बारा दिवस काहीही लावू नका. वरच्या थरातलं तण उगवून येईल. ते दोन पानांवर असताना धारदार खुरप्यानं वरवर खरवडा, एखाद सेंटिमीटर, त्याहून खोल नाही. खोल गेलात तर खालचं झोपलेलं बी वर येतं. हे दोनदा केलं तर पुढची खुरपणी निम्म्यावर येते. त्यावर पालापाचोळ्याचं किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला. प्लास्टिकचं कापड वापरू नका असं मी म्हणणार नाही. जाड विणलेलं, छिद्रं पाडून ठेवलेलं कापड नीट गुंडाळून ठेवलं तर कित्येक हंगाम चालतं. पातळ, एका हंगामात फाटून चिंध्या होणारं मात्र आणू नका. त्याचे तुकडे मी अजून वेचते आहे.

पाण्यासाठी ठिबक. फुलांवर वरून पाणी पडलं की पाकळीवर डाग आणि बुरशी. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. कडक उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तर दहा चौरस मीटरच्या वाफ्याला ५० लिटर, वीस वाफ्यांना १,००० लिटर. विहिरीत उन्हाळ्याच्या अखेरीस एवढं रोज निघतं का, ते लागवडीआधी मोजा.

किडींबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. माझं म्हणणं असं की विषाशिवाय फुलं येतात, पण निष्काळजीपणानं येत नाहीत. फुलकिडे हे आपले मुख्य शत्रू, कारण ते पानाऐवजी कळीत शिरतात. फूल उमलतं तेव्हा पाकळीच्या कडा तपकिरी आणि ओरखडलेल्या असतात. आठवड्यातून एकदा पांढऱ्या कागदावर फूल झटका. बारीक, लांबट, सरपटणारे ठिपके दिसले की समजा. निळे चिकट सापळे फुलकिड्यांना ओढतात, पिवळे माव्याला आणि पांढऱ्या माशीला. सापळ्यांनी कीड संपत नाही, किती आली ते कळतं. खरा उपाय म्हणजे उमलून गेलेली फुलं वाफ्यात न ठेवणं, कारण फुलकिड्यांचं माहेर तेच. लाल कोळी कोरड्या, धुळकट हवेत वाढतो, त्यामुळे वाटांवर धूळ उडू देऊ नका आणि पानांच्या खालून सकाळी पाण्याचा फवारा मारा. कडुनिंबाचा अर्कसुद्धा फुलोऱ्यावर मारू नका, आणि दिवसा तर नाहीच. मधमाश्या तिथेच असतात.

झेंडूबद्दलचा एक गैरसमज इथेच सांगते. कडेला झेंडूची एक ओळ लावली की सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर गाठी करणारे मातीतले सूक्ष्म कृमी, पळतात, असं सर्रास सांगितलं जातं. झेंडूच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना मारक आहे हे खरं, पण ते मुळांच्या आसपासच काम करतं. त्यामुळे गाठी असलेल्या वाफ्यात सबंध वाफाभर, दाट, दोन-तीन महिने झेंडूच घ्यावा लागतो. कडेची ओळ फक्त कडेची मुळं वाचवते.

तुमच्या उरलेल्या बारा गुंठ्यांना आता काम आहे. चार-पाच गुंठ्यांत ताग किंवा दुसरं हिरवळीचं पीक घ्या. तीन गुंठ्यांतली काही पिकं दोन-तीन वर्षांनी तिकडे हलवता येतील आणि अ‍ॅस्टरसारख्या मर रोगाला बळी पडणाऱ्या पिकाला नवी जागा मिळेल. बांधाला पाला देणारी झुडपं लावा, त्यांना तीन वर्षं लागतात, म्हणून आत्ताच. एक पट्टा रानफुलांना सोडा. मावा खाणारे ढालकिडे आणि फुलकिडे खाणारे ढेकणाच्या जातीचे बारीक किडे तिथे राहतात. राहिलेली जमीन तशीच राहू द्या. रिकामी जमीन बघून जीव तुटतो, माहीत आहे.

काढणीवर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण पैसा तिथे मिळतो आणि तिथेच सांडतो. उन्हं यायच्या आत कापा. रात्रभरात दांडा पाण्यानं भरलेला असतो. दव पडलं असेल तर पाकळ्या कोरड्या होईपर्यंत थांबा. प्रत्येक फुलाची वेळ वेगळी. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की. सूर्यफूल पाकळ्या मधल्या चकतीपासून नुकत्या उचलल्या की. स्नॅपड्रॅगन खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उमलल्यावर, आणि भुंगा येण्याआधी, कारण परागीभवन झालेली फुलं झटकन गळतात. डेलिया आणि झिनिया मात्र कळीत कापल्या तर कळीच राहतात, त्या जवळपास पूर्ण उमलायला हव्यात.

झिनियाची परीक्षा हातानं करायची. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा दोन बोटांत धरा आणि हलकेच हलवा. मान लटपटली तर फूल कितीही उमललेलं दिसो, सोडून द्या. घरी नेईपर्यंत ते वाकेल. सगळा दांडा काठीसारखा एकसंध हलला तर कापा. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी फक्त एवढंच शिकवते, आणि तरी तिसऱ्या दिवशी बादलीत दोन-चार लटपट्या सापडतातच.

कापायचं कुठे, हेही महत्त्वाचं. झिनियासारख्या फुटवे फोडणाऱ्या पिकाचं रोप वीत-दीड वीत उंच झालं की शेंडा खुडा, आणि पहिला दांडा हात आखडता न घेता खालच्या दोन-तीन पेरांपर्यंत खोल कापा. तिथून निघणारे फुटवे लांब येतात. वरवर आखूड कापत राहिलात तर पुढचे दांडे आखूडच निघणार.

बादली अशी घासा की तिच्यातलं पाणी तुम्ही स्वतः पिऊ शकाल. फूल बहुधा म्हातारपणानं मरत नाही, तहानेनं मरतं. पाण्यातले जिवाणू दांड्याच्या नळ्या बुजवतात. पाण्यात बुडणारं प्रत्येक पान काढा, कात्री दर वाफ्यानंतर पुसा. आणि घरगुती उपाय म्हणून नुसती साखर घालू नका, ती आधी जिवाणूच खातात. साखरेबरोबर जंतुनाशक आणि पाणी किंचित आंबट करणारं काही असेल तरच तिचा उपयोग होतो.

कापलेली फुलं गडद, गार खोलीत निदान तीन-चार तास पाणी पिऊ द्या. त्या खोलीत पिकलेली फळं ठेवू नका. मी एकदा कार्नेशनच्या बादल्यांशेजारी केळ्यांचा घड टांगला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या पाकळ्या आत मिटून फुलं झोपल्यासारखी झाली, आणि परत उमलली नाहीत. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू हे करतो. शिकागोच्या काचगृहांत दिव्याच्या गॅसच्या गळतीनं कार्नेशन अशीच झोपायची, आणि त्यामागे इथिलीन आहे हे क्रॉकर आणि नाइट यांनी १९०८ मध्ये दाखवलं. झिनिया-सूर्यफुलाला त्याची फारशी बाधा होत नाही. उलट झिनियाला फ्रिजचा गारवा सोसत नाही. ग्लॅडिओलस आडवा ठेवला तर त्याचे शेंडे रातोरात वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत.

विक्रीत मला आधी पैसे, मग फूल ही पद्धत सगळ्यात मानवली. आठ किंवा दहा आठवड्यांची वर्गणी घ्यायची आणि दर आठवड्याला एक जुडी द्यायची, जुडीत काय असेल ते वाफा ठरवणार. वीस घरं मिळाली की बियाण्याचा खर्च आधीच निघतो आणि किती पेरायचं ते कळतं. फूलवाले दुकानदार चांगले, पण त्यांना एका रंगाचे, एका लांबीचे पन्नास दांडे ठरलेल्या दिवशी हवे असतात. हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मोठ्या समारंभाची ऑर्डर पहिल्या वर्षी घेऊ नका, एका वादळी रात्रीत शब्द मोडतो. आणि दर ठरवताना पहाटेचे ते नऊ तास त्यात धरा. स्वतःची मजुरी शून्य धरणारे शेजारी दोन हंगामांत थांबतात, पण तोपर्यंत सगळ्यांचाच दर पाडून जातात.

‘हे टिकेल का’ यात पर्यावरणाचाही प्रश्न असेल, तर जवळ पिकलं म्हणजे आपोआप चांगलं, असं मानू नका. क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात विमानानं आणलेल्या केनियातल्या १२,००० गुलाबांमागे २,२०० किलो कार्बन डायऑक्साइड निघाला, तर हॉलंडच्या तापवलेल्या, दिवे लावलेल्या काचगृहातल्या तितक्याच गुलाबांमागे ३५,००० किलो. भेद ऊर्जेचा होता. म्हणून उघड्यावर, हंगामातलं, न तापवता, न गारठवता. हंगाम संपला की ग्राहकाला सांगायचं, संपला. सुकवून ठेवलेली स्टॅटिस आणि गवतं तेवढ्यापुरती हाताशी असतात.

शीतखोलीचं विचारलं होतंत. पहिली दोन वर्षं घेऊ नका. मागणीच्या आदल्या दिवशी कापण्याची शिस्त अंगी बाणली की शीतखोलीची गरजच पडत नाही, आणि घेतलीत तर विकलं न गेलेलं फूल तिच्यात साठवायची सवय लागते. त्या पैशात आधी वीस चांगल्या बादल्या, दोन कात्र्या आणि दांडे सरळ ठेवणारी जाळी घ्या. ही जाळी रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत ताणायची असते. एका वादळानंतर आडवी झालेली झिनिया जाळीत बसवायचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. अर्धा दिवस गेला आणि निम्मे दांडे मोडले.